जुना डिस्ट्रिब्युटर, रोलर कॅम आणि गिअरचं मटेरियल: माझा अनुभव

माझी १९६८ ची फोर्ड मस्टँग आहे, इकडे मिशिगनमध्ये. मूळ इंजिन संपलेलं म्हणून नंतरचं रोलर लिफ्टरवालं (कॅमवर घासण्याऐवजी चाकावर फिरणारे लिफ्टर असलेलं) ५.० लिटरचं घेतलं, म्हणजे ३०२ घन इंचाचंच, पण कार्ब्युरेटर ठेवायचा होता त्यामुळे डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगी वाटून देणारा भाग) जुनाच लावायचं ठरलं.

खरी गोम इथेच आहे, तो त्या ब्लॉकमध्ये व्यवस्थित बसतो. पण त्याला फिरवतो कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट), दोघांचे गिअर एकमेकांत अडकतात. जुना फ्लॅट टॅपेट, म्हणजे रोलर नसलेला कॅम कास्ट आयर्नचा (बिडाचा), त्यामुळे डिस्ट्रिब्युटरचा गिअरही कास्ट आयर्नचाच आणि १९८५ पासून मस्टँगच्या ५.० ला जो हायड्रॉलिक रोलर कॅम आला तो स्टीलचा, त्याला स्टीलचाच गिअर लागतो. आयर्नचा ठेवला की दाते झिजून धारदार होतात, ठिणगीचं टायमिंग हलतं, चुरा ऑइलमध्ये जातो. आणि हाच गिअर खालच्या हेक्स शाफ्टमधून ऑइल पंपही फिरवतो, म्हणजे दाते गेले की प्रेशर गेलं आणि मागोमाग बेअरिंग. मला याचीच जास्त भीती होती.

त्यात आधीच्या मालकाने कॅम बदललेला. रोलर आहे म्हणजे स्टीलच असं धरून चालत नाही, काही रोलर कॅमवर गिअर वेगळा, कास्ट आयर्नचा प्रेस केलेला असतो. म्हणून पुढचं कव्हर काढून कॅमच्या तोंडावरचा नंबर घेतला आणि कॅम बनवणाऱ्यांनाच फोन केला. इंजिन कुठल्या सालचं हे सांगून काही उपयोग नाही, कॅमचा गिअर कशाचा आहे हेच विचारायचं. ते म्हणाले स्टील. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, तोही तिथेच कळला, १-३-७-२-६-५-४-८, जुन्या ३०२ ची १-५-४-२-६-३-७-८ होती, म्हणजे प्लगच्या वायरी पण नव्याने लावाव्या लागल्या.

ब्राँझचा गिअर बऱ्याच जणांनी सुचवला. तो मऊ, स्वतः झिजतो आणि कॅम वाचवतो, रेसच्या गाडीला ठीक आहे, पण रोज फिरवायच्या गाडीत तो सारखा काढून बघत कोण बसणार, म्हणून मी स्टीलवरच राहिलो.

शाफ्टचा व्यास कॅलिपरने मोजूनच गिअर मागवला, कारण सगळ्या फोर्ड डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट एकाच मापाचा नसतो. जुना काढायच्या आधी फ्लँजपासून (डिस्ट्रिब्युटर ब्लॉकवर टेकतो ती कड) गिअरपर्यंतचं अंतर लिहून घेतलं, नवा बरोबर तितक्यावरच प्रेस केला, मग गिअर शाफ्टला धरून ठेवणाऱ्या रोल पिनचं भोक पाडलं. गिअर जास्त खाली गेला तर ब्लॉकवर टेकतो. दात्यांना असेंब्ली ल्यूब चोपडून लावलं.

थोडी गाडी चालवून डिस्ट्रिब्युटर परत काढला. घासल्याची खूण दात्याच्या बरोबर मधोमध, कडेला काही नाही, म्हणजे गिअर नीट बसलाय. ऑइल फिल्टर कापून बघितला, त्यातही चुरा नव्हता.