संथ मशीनवर फेल होणाऱ्या नेटवर्क टेस्ट: माझा अनुभव

आमच्या पायथन लायब्ररीच्या नेटवर्क टेस्ट लॅपटॉपवर कायम हिरव्या. रिस्क-फाइव्ह या वेगळ्या प्रकारच्या प्रोसेसरसाठीचं बिल्ड मात्र क्यूईएमयू इम्युलेशनखाली, म्हणजे त्या प्रोसेसरची सॉफ्टवेअरने नक्कल करून, संथपणे चालतं, आणि तिथे त्याच टेस्ट कधी पास, कधी फेल. टीममधून नेहमीचे उपाय आले: टाइमआउट वाढवा, नाहीतर फेल झाली की परत चालवा. मला ते पटेना. परत चालवून पास झालेल्या टेस्टवर विश्वास कसा ठेवायचा?

आधी तोच बिघाड माझ्या लॅपटॉपवर आणला. लिनक्सच्या सिस्टिमडी-रन कमांडने टेस्टचा सीपीयू-कोटा (प्रोसेसरच्या वेळेतला वाटा) १० टक्क्यांवर बांधला, म्हणजे साधारण दर १०० मिलिसेकंदांत १० मिलिसेकंद काम आणि बाकी वेळ खोळंबा. फेल लगेच दिसू लागले.

काही टेस्ट सर्व्हरचा थ्रेड (प्रोग्रॅममध्येच समांतर चालणारं काम) सुरू करून ०.१ सेकंद स्लीप घेत आणि मग कनेक्ट करत. तेवढ्यात सर्व्हर उभाच राहिलेला नसे, की कनेक्शन रिफ्यूज्ड. आता मुख्य थ्रेडमध्येच पोर्ट ० वर (म्हणजे मोकळा पोर्ट सिस्टिमच निवडते) बाइंड आणि लिसन करून घेतो, सर्व्हरचा थ्रेड त्यानंतर. लिसन झालं की सर्व्हरने अ‍ॅक्सेप्ट करण्याआधी आलेलं कनेक्शन कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) रांगेत धरून ठेवतो. स्लीपची गरजच उरली नाही.

टाइमआउटच्या टेस्टमध्ये ०.५ सेकंदाची मुदत ०.६ च्या आत संपलीच पाहिजे अशी अट होती. थ्रेडला पुन्हा सीपीयू कधी मिळेल याची हमी कुणी देत नाही, म्हणून वरची मर्यादा काढली. खालची ठेवली, पण मोनोटॉनिक, म्हणजे कधीच मागे न जाणाऱ्या घड्याळावर. साधं घड्याळ एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवणाऱ्या प्रोटोकॉलने) मध्येच मागेपुढे होऊ शकतं.

आणि एक फेल टेस्टचा नव्हताच! सर्व्हर हेडर आणि बॉडी वेगवेगळे पाठवायचा आणि आमचा क्लायंट एकाच रिसीव्हमध्ये सगळं मिळेल असं धरून चालायचा. वेगवान मशीनवर दोन्ही तुकडे बहुतेक वेळा एकत्र हाती लागत. टीसीपी (इथे डेटा नेणारा नेटवर्क प्रोटोकॉल) मात्र बाइट्सचा प्रवाह आहे, मेसेज कुठे संपतो हे त्याला ठाऊक नसतं. मोबाइल नेटवर्कवर वापरणाऱ्यांना हाच बग अर्धवट उत्तरं देत राहिला असता, आणि री-रनने आम्ही तो स्वतःच्या हाताने झाकला असता. आता हेडरमधल्या लांबीएवढे बाइट्स येईपर्यंत लूप चालतो.

रीट्रायच्या टेस्ट बाकी आहेत. १, २, ४ सेकंदांचा बॅकऑफ (पुढच्या प्रयत्नाआधीची वाढत जाणारी थांब) खरोखर थांबून तपासण्याऐवजी घड्याळ बाहेरून देता यावं, असा बदल सध्या करतोय.