तुम्ही विचारलंत म्हणून: ज्या देवांपुढे आता कुणी दिवा लावत नाही

लग्नाच्या पंगतीत, ऑफिसात डबा खाताना, सोसायटीच्या गणपतीत, कुठेही गेलो तरी हा प्रश्न येतोच. आपल्याकडे रामायण-महाभारत असताना तू त्या गिल्गमेश आणि अकिलीसच्या मागे का लागलायस? ज्यांच्या देवांपुढे दिवा लावायला पण आज कुणी उरलं नाही? (गिल्गमेश म्हणजे जुन्या इराकातल्या उरुकचा राजा, अकिलीस म्हणजे ग्रीकांच्या इलियडमधला वीर; दोघांवर महाकाव्यं आहेत.) विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो हे मला कळतं, पण सात-आठ वर्षं तेच ऐकून आता खरंच थकलोय, म्हणून एकदा सगळं लिहून टाकतो.

आधी माझं एक ठरलेलं उत्तर होतं. १८७२ साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये जॉर्ज स्मिथने जुन्या इराकातल्या निनवे शहरातून आलेल्या, गिल्गमेशच्याच एका मातीच्या पाटीवर महापुराची गोष्ट वाचली, नावेतून सोडलेल्या पक्ष्यांसकट, आणि बायबलवाल्यांची झोप उडाली वगैरे वगैरे. लोक "अरे वा" म्हणायचे आणि ताटातल्या जिलबीकडे वळायचे. ते उत्तर खोटं नव्हतं, पण माझं नव्हतं.

माझं उत्तर एका ओळीत आहे. गिल्गमेशच्या बारा पाट्यांपैकी दहावी घ्या. मित्र एन्किडू मेलाय, गिल्गमेश जनावराचं कातडं पांघरून रानोमाळ फिरतोय, आणि वाटेत त्याला तिघं भेटतात, सिदुरी नावाची मद्य विकणारी बाई, उर्शनाबी नावाचा नावाडी आणि महापुरातून वाचलेला उत्नपिष्टिम. तिघंही एकच विचारतात, तुझे गाल असे खपाटीला का गेलेत, तोंड असं का उतरलंय? आणि हा तिघांना त्याच शब्दांत तेच सांगतो, की माझा मित्र गेला, सहा दिवस सात रात्री मी त्याच्यासाठी रडलो, त्याच्या नाकातून किडा पडेपर्यंत मी त्याला पुरायला दिलं नाही.

विशीत हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी वहीत लिहून ठेवलं होतं, "अतिशयोक्ती, शिवाय किळसवाणी". वही अजून आहे माझ्याकडे. त्या पोराशी मी रोज भांडतो. त्याला वाटायचं की वीर म्हणजे देवदाराच्या जंगलात जाऊन हुम्बाबा राक्षसाला मारणारा, आणि रडारड ही नंतर कुणीतरी घुसडलेली असणार.

२०१७ मध्ये माझा मित्र गेला. नाव लिहीत नाही, त्याच्या घरच्यांना ते आवडणार नाही. पाचवीपासून आम्ही एका बाकावर होतो, पुढे पुण्यात एका खोलीत सहा वर्षं राहिलो, या पाट्यांचे इंग्रजी अनुवाद मोठ्याने वाचायचो, तो एन्किडूचे संवाद म्हणायचा कारण त्याचा आवाज घोगरा होता. हृदयाच्या व्हॉल्व्हचं ऑपरेशन ठरलं तेव्हा त्याची आई, म्हणजे काकी, सिंधुदुर्गात गावी होती. तिला देवाला कौल लावल्याशिवाय चैन पडेना, म्हणून मीच गाडी काढून गेलो. गाऱ्हाणं घातलं, पाषाणाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या, आणि आम्ही सगळे श्वास धरून बसलो. बराच वेळ काहीच नाही. मग उजव्या अंगाची पाकळी सुटून खाली आली. काकी माझा हात धरून म्हणाल्या, "देवान उजवो दिल्यान, झिला, आता भियाचा नाय." मी कौल वगैरे मानणाऱ्यातला नाही, पण त्या क्षणी मला खरंच हलकं वाटलं, हे इथे कबूल करतो.

ऑपरेशननंतर चौथ्या रात्री तो गेला. काकी लॉजवर झोपल्या होत्या, त्याचा भाऊ मस्कतहून निघायचा होता. हॉस्पिटलच्या काउंटरवरच्या माणसाने विचारलं, "तुम्ही पेशंटचे कोण?" मी म्हटलं, मित्र. तो फॉर्म परत ओढून घेत म्हणाला, "नात्यातलं कुणी असेल तर बोलवा." त्याचं चुकलं नव्हतं, नियम असतो. पण एकवीस वर्षांचं सगळं त्या फॉर्मच्या एका रकान्यात मावेना, आणि त्या रकान्याशिवाय मला कुठेच जागा नव्हती. भाऊ येईपर्यंत बॉडी मॉर्च्युरीत ठेवायची ठरली. मी बाहेरच्या लोखंडी बाकावर रात्रभर बसून होतो. का बसलो माहीत नाही, आत जाऊ देत नव्हते, करण्यासारखं काही नव्हतं, वॉर्डबॉय दोनदा येऊन "घरी जा साहेब" म्हणून गेला.

सकाळी ओळख पटवायला आत नेलं. चादर बाजूला झाली. नाकात कापसाचे बोळे होते, पांढरे, नीट गोल करून बसवलेले, डावा थोडा बाहेर आलेला. मला तो आत सारावासा वाटला आणि हात लावायची हिंमत झाली नाही. मग वॉर्डबॉयने चादर पुन्हा तोंडावर ओढली आणि मला आठव्या पाटीतली ओळ आठवली, त्याने मित्राचं तोंड नवरीसारखं झाकलं आणि बछडे गेलेल्या सिंहिणीसारखा तो येरझाऱ्या घालत राहिला. वहीत "अतिशयोक्ती" लिहिणाऱ्या पोराला त्या खोलीत उभं करायला हवं होतं.

नंतर सगळं रीतसर झालं. भावाने अग्नी दिला, दहावं-बारावं झालं, घरच्यांना सुतक होतं. मला नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी ऑफिसला गेलो, कुणी विचारलंही नाही, कारण माझ्या घरात कुणी गेलं नव्हतं. तेव्हा इलियड पुन्हा काढलं. मित्र पॅट्रोक्लस मेल्यावर अकिलीस डोक्यात राख घालून धुळीत लोळतो, पण मी अडकलो एकोणिसाव्या सर्गात. त्याला लढायला जायचंय आणि त्याला भीती काय, तर माश्या जखमांत शिरतील, किडे होतील, मित्राचं शरीर नासेल. मग त्याची आई थेटिस, समुद्राची देवी, पॅट्रोक्लसच्या नाकपुड्यांत अमृतासारखं काहीतरी थेंबथेंब सोडते, शरीर टिकावं म्हणून. तिकडे उरुकच्या राजाच्या मित्राचं नाक, इकडे ग्रीकांच्या वीराच्या मित्राचं नाक. एकीकडे देवी येते, दुसरीकडे कुणी येत नाही आणि किडा पडतो. गिल्गमेश आणि अकिलीस दोघेही देवीचे पोटचे मुलगे, गिल्गमेश तर दोन तृतीयांश देव, तरी मित्र काही वाचत नाही. या दोन महाकाव्यांत सगळं जग उलथतं ते बायको पळवल्याने किंवा राज्य गेल्याने नाही (हेलन आहे, माहितीये मला), मित्र गेल्याने उलथतं. तिथे मला सुतक मिळालं, एवढंच माझं उत्तर आहे.

यावर हमखास येणारा मुद्दा म्हणजे कर्ण-दुर्योधन. मी बरीच वर्षं ताडकन म्हणायचो, बघा ना, कर्णाला शेवटी पाणी कुणी दिलं, युधिष्ठिराने, तेही कुंतीने तो तुमचा भाऊ होता म्हणून सांगितल्यावर, म्हणजे शेवटी नात्यानेच त्याला ओढून नेलं. मोठा बिनतोड वाटायचा मला हा युक्तिवाद. पण तोवर दुर्योधन स्वतःच मेला होता, तो पाणी देणार कुठून, आणि कर्ण पडल्यावर तो रडलाच होता की. आमच्या ओळखीच्या गुरुजींनी तर सांगितलं की महालयात आप्त-मित्रांच्या नावानेही पिंड देता येतो, तू कधी विचारलंसच नाही. खरंय, मी विचारलं नव्हतं. तरीही त्या काउंटरवर महालय कामाला आला नसता, असं मला अजून वाटतं, आणि हे वाटणं अन्यायाचं असेल तर असू दे.

अरबांचंही सांगतो, कारण कौलाचा सल अजून तसाच आहे. इस्लामच्या आधीचा कवी इम्रुल कैस, किंदा टोळीच्या राजाचा मुलगा. बनू असद टोळीने त्याच्या बापाला मारलं. सूड घ्यायला निघताना तो झुल-खलसा या देवाच्या ठाण्यावर थांबला, तिथे तीन बाण काढून कौल घ्यायची रीत होती, एक बाण "कर" म्हणणारा, एक "नको" म्हणणारा, एक "थांब" म्हणणारा. तीनदा काढला, तीनदा "नको". त्याने बाण मोडले, मूर्तीच्या तोंडावर फेकले आणि म्हणाला, तुझा बाप मारला गेला असता तर तू मला अडवलं नसतंस.

मला हे करायचं होतं. त्याला नको असलेला कौल मिळाला आणि आम्हाला हवा तोच मिळाला, तरी मला त्या पाषाणासमोर जाऊन हेच ओरडायचं होतं. मी गेलो नाही, कारण काकींनी एकदाही देवाला बोल लावला नाही. "देवाचो काय दोष, झिला," एवढंच. आणि त्यांच्यासमोर त्यांच्या देवावर चिडणं म्हणजे त्यांचा उरलेला आधार काढून घेणं. पूजा बंद पडलेल्या देवांवर चिडलं की कुणाच्या घरातला दिवा विझत नाही. जनाबाई विठ्ठलाला "विठ्या" म्हणून शिव्या घालते हे मला माहितीये, पण ती त्याच्या घरची होती, मी तर काउंटरवरही घरचा ठरलो नव्हतो.

गेल्या मे महिन्यात गावी गेलो होतो. काकी ओट्यावर फणसाचे गरे काढत होत्या, हाताला तेल लावून. म्हणाल्या, तुम्ही दोघं रात्री ओरडून वाचायचात तो राजा कोण रे? मी पहिल्यांदाच सगळी गोष्ट सांगितली, मालवणी-मराठी मिसळून, तरुण करणारी वनस्पती सापाने खाल्ली तिथपर्यंत. त्यांचा हात थांबला नाही. एन्किडूला गिल्गमेशच्या आईने, निन्सुन देवीने, मुलगा मानलं होतं हेही मी मधे सांगून गेलो होतो. शेवटी त्यांनी विचारलं, "आणि ती आवस? झील मेलो तेव्हा ती खंय होती?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. मी घरी येऊन सातवी आणि आठवी पाटी पुन्हा ओळीओळीने वाचली. ती आल्याचं मला कुठेच सापडलं नाही. काही ठिकाणी पाट्या फुटलेल्या आहेत.