दंडक गुहेतला लवणस्तंभ आणि दुर्गादेवीचा दुष्काळ

महाराष्ट्रात लेण्यांना तोटा नाही, पण जुन्या पावसाचा हिशेब त्यांच्यात शोधायला गेलं तर हाती काही लागत नाही. अजिंठा-वेरूळची लेणी बेसॉल्टमध्ये माणसांनी कोरलेली. पावसाची नोंद राहायला चुनखडीची गुहा लागते आणि छतातून शतकानुशतकं ठिबकणारं पाणी. त्यासाठी गडचिरोलीला लागून असलेल्या बस्तरात जावं लागतं. जगदलपूरजवळच्या कांगेर खोऱ्यात दंडक नावाची गुहा आहे. तिथल्या एका ऊर्ध्वमुखी लवणस्तंभावरून आशीष सिन्हा आणि सहकाऱ्यांनी २००७ साली इ.स. ६०० ते १५०० या काळातल्या मॉन्सूनचा आलेख मांडला. चौदाव्या-पंधराव्या शतकांत वर्षानुवर्षं रेंगाळलेले दुष्काळ त्यात दिसतात. परंपरेने १३९६ ते १४०७ असा सांगितला जाणारा आपला दुर्गादेवीचा दुष्काळही त्याच काळातला.

जुळणी ऐकायला छान वाटते. पण बारा वर्षांच्या दुष्काळावर बोट ठेवायचं तर दगडाचं वय किती नेमकं कळायला हवं? माझ्या मते या विषयातली खरी कसोटी तीच आहे. आलेखाचे चढउतार कुणालाही दिसतात, खालच्या अक्षावरची सालं मात्र कष्टाची असतात.

आधी ऑक्सिजनचं. पाण्यात साधा ऑक्सिजन-१६ असतो, त्याबरोबर थोडा जड ऑक्सिजन-१८. मॉन्सूनच्या पट्ट्यात पाऊस जितका जोरदार, तितकं त्या पाण्यातलं जड ऑक्सिजनचं प्रमाण साधारणपणे कमी. हे पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन आम्लधर्मी होतं, चुनखडी विरघळवतं, आणि गुहेच्या मोकळ्या हवेत तो वायू निसटला की चुना थेंबाखाली बसतो. वाढ बहुधा वर्षाला ०.०१ ते १ मिलिमीटरच्या दरम्यान. तेव्हा थरांमध्ये ऑक्सिजन-१८ वाढला तर पाऊस कमी झाला, असा ढोबळ अर्थ लावतात.

ढोबळ म्हणायचं कारण गुहेच्या तोंडाशी सापडतं. तिथे वारा खेळतो, पाणी ठिबकतानाच त्याची वाफ होते आणि हलका ऑक्सिजन आधी उडून जातो. मग भरपूर पावसाच्या वर्षांचा थरही दुष्काळासारखा दिसतो. म्हणून नमुना आतल्या कोंदट दालनातला हवा, जिथे हवेतली आर्द्रता ९५ टक्क्यांच्या वर असते आणि तापमान वर्षभर जवळपास हलत नाही. शक्यतो आधीच तुटून पडलेला स्तंभ उचलावा. उभा स्तंभ काढायचाच असेल तर परवानगी हातात असावी, आणि आधी बुडाशी बारीक ड्रिलने सेंटीमीटरभर जाडीचा गाभा काढून वय तपासावं. नको त्या काळाचा निघाला तर निदान तो जागेवर राहतो. उंची वाढली तरी जाडी सारखीच राहिलेला, मेणबत्तीसारखा सरळ स्तंभ सगळ्यांत चांगला. वाकडातिकडा म्हणजे थेंबाची जागा सरकत गेली होती.

स्तंभ हिऱ्याच्या पात्याने, पाणी सोडत, वाढीच्या अक्षावरून उभा चिरतात आणि घासून गुळगुळीत करतात. थर तेव्हाच नीट दिसतात. एखादा मातकट, खरबरीत पट्टा दिसला तर सावध व्हावं, तिथे ठिबक थांबली असण्याची शक्यता असते. अशा खंडाच्या आरपार वयाची रेघ ओढली की मधली शंभर-दोनशे वर्षं आलेखात गुपचूप ताणली जातात.

ऑक्सिजनसाठी ५० ते १०० मायक्रोग्रॅम भुकटी पुरते. दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसल्या बारीक ड्रिलने ती अक्षावरून काढतात आणि दर नमुन्यानंतर टोक व पृष्ठभाग हवेच्या झोताने साफ करतात. ड्रिल हळू फिरवायचं. अ‍ॅरागोनाइट आणि कॅल्साइट ही एकाच चुन्याची दोन स्फटिकरूपं. स्तंभ अ‍ॅरागोनाइटचा असेल तर घर्षणाच्या उष्णतेने त्यातला काही भाग कॅल्साइटमध्ये बदलतो आणि आकडा बिघडतो. भुकटीवर साधारण ७० अंशांना फॉस्फरिक आम्ल टाकून निघणारा वायू मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये, म्हणजे हलके-जड अणू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रात, मोजतात.

वयासाठी मात्र दगड जास्त लागतो. १०० मिलिग्रॅम भुकटी हवी असेल तर १ मिमी रुंद आणि २ मिमी खोल चर जवळपास १८ मिमी लांब खणावी लागते, तीही एकाच थराच्या कडेकडेने. थर दोन्ही बाजूंना खाली वळतात. हात जरा सरळ गेला की चर वेगवेगळ्या दशकांना छेदते.

पद्धत युरेनियम-थोरियमची. युरेनियम पाण्यात विरघळतं, थोरियम जवळपास नाही. त्यामुळे ताज्या थरात युरेनियम असतं आणि थोरियम-२३० नसल्यात जमा. पुढे ते युरेनियमपासून तयार होत जातं, आणि ते किती साठलं यावरून वय निघतं. भुकटी नायट्रिक आम्लात विरघळवून तिच्यात थोरियम-२२९, युरेनियम-२३३ आणि २३६ यांचं ठरलेलं प्रमाण मोजणीची पट्टी म्हणून मिसळतात. मग लोहाबरोबर साका खाली बसवून रेझिनच्या नळीतून दोन्ही मूलद्रव्यं वेगळी करतात. थोरियम हायड्रोक्लोरिक आम्लाने उतरतं, युरेनियम नंतर पाण्याने.

घोळ होतो तो चिखलामुळे. पाण्याबरोबर मातीचे कण आले की त्यांना चिकटलेलं थोरियमही येतं आणि थर आहे त्याहून जुना भासतो. मातीची चाहूल थोरियम-२३२ वरून लागते. तेवढं थोरियम वजा करायला २३० आणि २३२ चं सुरुवातीचं अणुप्रमाण बहुधा ४.४ गुणिले दहाचा उणे सहावा घात असं गृहीत धरतात, आणि त्यातच ५० टक्के अनिश्चितता असते. लाख वर्षांच्या दगडात हे खपून जातं. थोरियम-२३० जितकं तयार होतं तितकंच विघटून जाऊ लागतं तो समतोल. सहाशे वर्षांच्या दगडात ते त्या समतोलाच्या साधारण अर्धा टक्काच जमलेलं असतं. नमुना मातकट निघाला की ही दुरुस्तीच शंभर-दोनशे वर्षांची होते आणि दुर्गादेवीचा दुष्काळ सबंध तिच्यात बुडतो. स्वच्छ आणि युरेनियम भरपूर असलेला थर असेल तर चूक काही वर्षांवर येते. म्हणून असा निबंध वाचताना मी आधी वयांचा तक्ता उघडतो: थोरियम-२३२ किती, वयं किती ठिकाणी काढली, खालचा थर वरच्यापेक्षा तरुण तर निघत नाही ना. युरेनियम नंतर झिरपून गेलं असेल तरी वय फुगतं, आणि ती चूक चिखलाच्या दुरुस्तीने भरून निघत नाही.

एकेका वर्षाची अपेक्षाही धरू नये. वर्षाला ०.१ मिमी वाढणाऱ्या स्तंभात अर्ध्या मिलिमीटरची भुकटी म्हणजे पाच वर्षांची सरासरी. शिवाय वरचं पाणी खडकातून झिरपताना महिनोन्‌महिने मिसळत असतं. १९७२ सारखा दुष्काळ, माणसांना कितीही भोवला तरी, अशा आलेखात बारीकशी खाच पाडेल. रेंगाळलेले दुष्काळ तेवढे ठसठशीत उमटतात.

पडताळा घ्यायचा जुना मार्ग हेंडी चाचणीचा. एकाच थरावर मध्यापासून कडेपर्यंत ऑक्सिजनचं प्रमाण सारखं येतं का ते पाहायचं. कागदावर सोपं आहे, पण कडेला थर इतके पातळ होतात की आपण त्याच थरात आहोत याची खात्री उरत नाही. त्यापेक्षा दुसऱ्या स्तंभात, शक्यतो दुसऱ्या गुहेत, तोच चढउतार दिसणं जास्त वजनदार. सिन्हांच्या गटाने २०११ मध्ये दंडकच्या जोडीला झुमर गुहा घेतली आणि तुलनेसाठी मेघालयातली वाह शिकार. मध्य भारताच्या गुहा आणि वाह शिकार यांचा कल बऱ्याचदा उलटा निघाला. मॉन्सूनला खंड पडतो तेव्हाही असंच होतं: इकडे ढग पांगतात आणि ईशान्येत पाऊस कोसळतो.

त्यामुळे मेघालयातल्या मॉम्लूह गुहेचा दाखला महाराष्ट्राला लावताना जपावं. २०१८ मध्ये भूवैज्ञानिक कालगणनेतल्या सध्याच्या कालखंडाला 'मेघालयन' नाव मिळालं ते त्याच गुहेतल्या स्तंभावरून, सुमारे ४२०० वर्षांपूर्वीच्या कोरड्या काळाची खूण म्हणून. पुढे त्याच गुहेतल्या, जास्त बारकाईने वयं काढलेल्या दुसऱ्या स्तंभात तो दुष्काळ एकसंध दिसला नाही, काही दशकांच्या तुकड्यांत दिसला.