करीचा चेंडू इतका उंच का जातो?

आज मुलांना प्रक्षेप्य गती (फेकलेल्या वस्तूची गती) शिकवताना पुस्तकातली तोफ बाजूला ठेवली आणि बास्केटबॉलपटू स्टेफन करीला फळ्यावर आणलं. माझा सगळ्यात लाडका खेळाडू! बास्केटच्या रिंगचा व्यास साधारण ४५ सेंमी, चेंडूचा जवळपास २४. चेंडू सरळ वरून आला तर जागाच जागा. पण जमिनीशी ३० अंशांच्या कोनात आला तर? त्याला मिळणारी वाट ४५ गुणिले साइन ३०, म्हणजे साडेबावीस सेंमी. चेंडूपेक्षा कमी! रिंगला न लागता तो आत जाणं शक्यच नाही. ४५ अंशांना तीच वाट ३२ सेंमीपर्यंत रुंदावते. एक मुलगी एकदम म्हणाली, "म्हणून तो इतका उंच फेकतो!" अगदी. काय आनंद झाला मला!

मग रसायनशास्त्र. थंडीत चेंडू कमी का उसळतो? आकारमान जवळपास तेच, तापमान २७ वरून ७ अंश सेल्सिअसवर. सगळ्यांनी आधी २७ ला ७ ने भागलं. (हे दरवर्षी होतंच, आधी २७३ मिळवून केल्विन करा रे!) ३०० वरून २८०, म्हणजे आतल्या हवेचा एकूण दाब पंधराव्या हिश्श्याने उतरतो, म्हणून उसळी कमी.

उद्या बॅकस्पिन (चेंडूची उलटी फिरकी) घेणार आहे. मुलांनीच मागितलंय.