शेवट माहीत असतो, तरी

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. म्हणजे गेली आठ-नऊ वर्षं हा प्रश्न मला कोणी ना कोणी विचारतंच, ऑफिसात डबा खाताना, लग्नाकार्यात, परवा तर ट्रेनमध्ये शेजारी बसलेल्या बाईंनी माझ्या हातातल्या पुस्तकाचं कव्हर बघून विचारलं, की अहो या इंग्लंडच्या ड्यूक-बिकच्या प्रेमकथांमध्ये शेवटी दोघांचं लग्न होणार हे पहिल्या पानापासून माहीत असतं ना, मग तुम्ही त्याचं परीक्षण कसलं लिहिता? एवढं लिहिण्यासारखं असतं तरी काय?

प्रश्न रास्त आहे. रीजन्सी रोमान्सचा शेवट ठरलेला असतो, एचईए म्हणतात त्याला, हॅपिली एव्हर आफ्टर, आणि तो नसेल तर ते पुस्तक रोमान्सच्या कपाटात बसतच नाही. पण मला सांगा, रुक्मिणीस्वयंवराच्या आख्यानाला बसलेल्यांपैकी कृष्ण येणार हे कोणाला माहीत नसतं? तरी रुक्मिणीचं पत्र घेऊन तो ब्राह्मण द्वारकेला निघाला की अख्खा मंडप गप्प होतो. कृष्ण येतो की नाही यासाठी कोणी थांबलेलं नसतं. ती केवढं पणाला लावून बसलीये ते ऐकायला लोक थांबतात. मी परीक्षण लिहिते ते याचंच, की या बाईने काय पणाला लावलं आणि ते लेखिकेला नीट माहिती आहे का.

थोडं मागे जाते. रीजन्सी म्हणजे तसं बघितलं तर जेमतेम नऊ वर्षं. तिसरा जॉर्ज आजारपणामुळे कारभार बघू शकेना म्हणून फेब्रुवारी १८११ मध्ये त्याचा मुलगा रीजंट, म्हणजे राजाच्या वतीने कारभार बघणारा, झाला आणि जानेवारी १८२० मध्ये म्हातारा राजा गेला तेव्हा ते संपलं. कादंबऱ्यांमध्ये हा काळ दोन्हीकडे बराच ताणतात. आणि माणसं कुठली, तर लंडनची उच्चभ्रू, ज्यांना टॉन म्हणायचे, पार्लमेंट चालू असेल तेव्हा शहरात येणारी, त्याच दिवसांत मुलींची स्थळं जमवणारी, उन्हाळा वाढला की आपापल्या गावच्या वाड्यांवर परत जाणारी.

माझी सुरुवात डोंबिवलीतल्या एका सर्क्युलेटिंग लायब्ररीत झाली, दहावीच्या सुट्टीत. जिन्याखालची जागा, लोखंडी रॅक, पुस्तकाच्या मागच्या पानावर तारखांचे निळे शिक्के, आणि काकांचा नियम असा की एका वेळी एक जाड नाहीतर दोन बारीक. मी दोन बारीक घ्यायचे. पुढे कितीतरी वर्षांनी वाचलं की सर्क्युलेटिंग लायब्ररी हा प्रकार त्याच इंग्लंडातून आलेला, कारण तिथे कादंबरी म्हणजे तीन खंड आणि किंमत भरमसाट. जेन ऑस्टिनची १८१३ साली आलेली ती गाजलेली कादंबरी, प्राइड अँड प्रेज्युडिस, तीन खंडांत १८ शिलिंगला होती आणि तिला स्वतःला तिच्या हक्कांचे एकरकमी ११० पौंड मिळाले, पुढे कितीही खपली तरी तेवढेच. मग बायका वर्गणी भरून लायब्ररीतून आणायच्या, खंड एक परत दिला की खंड दोन. हे वाचलं तेव्हा मला त्या जिन्याखालच्या वासासकट सगळं आठवलं.

नोकरीत मी दिवसभर गृहकर्जाची कागदपत्रं तपासते. जागा कोणाच्या नावावर, सही कोणाची, वारस कोण, बाईचं नाव फक्त को-ॲप्लिकंट म्हणून आहे की खरंच मालकीत आहे. त्यामुळे असेल, पण प्रेमकथा वाचतानाही माझं लक्ष आधी कागदावर जातं. आणि त्या काळचा कागद बाईसाठी भयंकर होता. लग्न झालं की इंग्लिश कायद्याच्या नजरेत बायको म्हणून वेगळं माणूसच उरायचं नाही, कव्हर्चर म्हणायचे त्याला, तिच्याकडची रोकड, तिने कमावलेले पैसे, माहेरून आणलेली चीजवस्तू सगळी नवऱ्याची, तिच्या जमिनीचं उत्पन्नही तोच घेणार. मुलं बापाची. लहान मुलांचा ताबा आईला कोर्टात मागता येईल असा पहिला कायदा आला १८३९ साली. लग्नातून पूर्ण मोकळं व्हायचं तर १८५७ पर्यंत पार्लमेंटमधून आपल्यापुरता वेगळा कायदा मंजूर करून घ्यायला लागायचा, तो खर्च झेपणारे मूठभर आणि त्यातही जवळजवळ सगळे पुरुष. बाईची मालमत्ता बाईचीच, हे धडपणे मान्य व्हायला १८८२ उजाडलं. माझी आजी तिच्या पाटल्यांवर हात ठेवून म्हणायची, हे माझं स्त्रीधन, याला कोणी हात लावायचा नाही. ड्यूकच्या घरात पडलेल्या मुलीला, आधी कागद केला नसेल तर, हे वाक्य म्हणायची सोय नव्हती.

म्हणून तर मॅरेज सेटलमेंट. लग्नाआधी दोन्हीकडचे वकील बसायचे, मुलीच्या नावाने रक्कम बाजूला काढून ट्रस्टींच्या ताब्यात द्यायचे, वर्षाला तिच्या हातखर्चाला किती म्हणजे पिन मनी, नवरा आधी गेला तर तिला काय म्हणजे जॉइंचर, सगळं लिहून घ्यायचे. ज्या पुस्तकात हा सीन असतो ना, ते मी दोनदा वाचते. एका कादंबरीत नायक वकिलाला सांगतो की माझ्यापासूनही तिचे पैसे सुरक्षित राहतील असं लिहा, आणि वकील चष्मा काढून त्याच्याकडे बघतो. बास एवढंच. त्याने त्याआधी केलेलं चंद्रप्रकाशातलं सगळं बोलणं मी विसरले पण हे वाक्य मला पाठ आहे, कारण त्या काळात माणसाने प्रेम केलं याचा हा पुरावा आहे, कायद्याने मिळालेली सत्ता आपणहून खाली ठेवणं.

आता नुसता कायदा चोख असून भागत नाही, हेही सांगते. जवळ जाणं कळायला हवं. हे जग असं की बागेत पाच मिनिटं एकटी सापडली तर मुलीचं नाव गेलं, धाकट्या बहिणींची स्थळंसुद्धा गेली. तिथे स्पर्शाची किंमत वेगळी असते. बॉलला, म्हणजे नाचाच्या समारंभाला, सगळ्यांच्या हातात मोजे, नाचतानाही कातड्याला कातडी लागत नाही, फक्त सपरला, रात्रीच्या जेवणाला बसलं की मोजे काढायचे. तर एका पुस्तकात ती मोजे काढते आणि तिच्या मधल्या बोटावर शाईचा डाग असतो. जुना, धुऊन न गेलेला. भाऊ सगळं उधळतोय आणि घराचे हिशेब रात्री ही लिहितेय हे आपल्याला माहितीये, पाहुण्यांना नाही. ती पटकन बोट मिटून घेते. त्याने बघितलेलं असतं. तो एक अक्षर बोलत नाही, ताट सरकवायच्या निमित्ताने मेणबत्ती जरा पलीकडे करतो, तिचा हात अंधारात जाईल इतकीच. मी ते पान वाचून पुस्तक मिटलं आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले. याच्यावर दोन हजार शब्द नाही लिहायचे तर कशावर लिहायचे?

बारीकसारीक चुका मी पकडते, हो. अर्लच्या बायकोला काउंटेस म्हणतात, ड्यूकला माय लॉर्ड म्हणत नाहीत, युअर ग्रेस म्हणतात, ऑलमॅक्स या लंडनच्या बड्या लोकांच्या क्लबातला बॉल बुधवारी, आणि तिथे प्रवेशाचं व्हाउचर द्यायचं की नाही हे सात-आठ बड्या बायका ठरवायच्या, आणि एवढा तोरा असून खायला मिळायचं पातळ ब्रेड-बटर आणि लेमोनेड. तिथे कोणी शॅम्पेनचे ग्लास फिरवले की मी समजते. राजघराण्यातले सोडले तर सगळ्या देशात ड्यूक जेमतेम तीसेक होते आणि कादंबऱ्यांमध्ये प्रत्येक वळणावर एक तरुण देखणा ड्यूक उभा असतो, ते मी चालवून घेते, ती या प्रकाराची रीत आहे. पण नुसते गाऊन आणि बग्ग्या लावून आतली माणसं आजची ठेवली की त्याला वॉलपेपर हिस्टॉरिकल म्हणतात, आणि ते मला चालत नाही, कारण मग मुलगी धीट वाटते पण तिच्या धिटाईला काही लागतच नाही.

जे मी बरीच वर्षं बघत नव्हते ते म्हणजे पैसा कुठून येतो. मी एका पुस्तकाचं भरभरून कौतुक केलं होतं, आणि एका मैत्रिणीने फोन करून विचारलं, अगं त्या नायकाची जमैकात इस्टेट आहे असं पान चाळीसवर एकदा येऊन जातं, ते वाचलंस का? वाचलं होतं, थांबले नव्हते. गुलामांचा व्यापार ब्रिटनने १८०७ साली बंद केला पण गुलामगिरी नाही, ती कायद्याने जायला १८३३ उजाडलं आणि तेव्हासुद्धा २ कोटी पौंडांची भरपाई मिळाली ती मालकांना. म्हणजे त्या बॉलरूममधल्या चहात पडलेली साखर कोणाच्या तरी पाठीवरून आलेली. मी ते परीक्षण पुन्हा लिहिलं. तेव्हापासून माझ्या वहीत प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर मी एकच ओळ लिहिते, उत्पन्न कशाचं.

आणि मग आपला भाग येतोच. नायिका शाल पांघरते ती काश्मीरची, मलमल बंगालची, आणि नवाबासारखा श्रीमंत होऊन आलेला कोणीतरी काका हिंदुस्थानातून परतलेला असतो. वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन ज्या कादंबऱ्यांमध्ये बॉलला येऊन जातो, तो त्याआधी २३ सप्टेंबर १८०३ ला आपल्या जालन्याजवळ आसईला शिंदे-भोसल्यांशी लढलेला. हिऱ्याचं तर ऐका. रीजन्सी नायकाला बायकोसाठी दागिना घ्यायचा असला की तो हमखास लडगेट हिलवर रंडेल अँड ब्रिजच्या दुकानात जातो, रीजंटचे जवाहिरे ते. नाशिकचा हिरा, जो मूळचा त्र्यंबकेश्वराचा म्हणतात, तो १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांच्या हाती लागला आणि लंडनला गेला तो याच दुकानात. १८३७ मध्ये लिलाव होऊन पुढे वेस्टमिन्स्टरच्या मार्क्वेसकडे. आता कुठल्याही पुस्तकात ती दोघं त्या दुकानाची पायरी चढली की मला त्र्यंबकची ओली दगडी पायरी दिसते. मी पुस्तक बाजूला नाही ठेवत. पण परीक्षणात लिहिते, आणि कोणी लेखिकेने स्वतःहून त्याची जाणीव ठेवली असेल तर ते आवर्जून लिहिते.

एक तारीख मला कधीच विसरता येत नाही. ५ नोव्हेंबर १८१७, खडकीची लढाई. त्याच दिवशी रात्री तिकडे इंग्लंडात रीजंटच्या एकुलत्या एका मुलीला, शार्लटला, दोन दिवसांच्या कळांनंतर मुलगा झाला तो मेलेला, आणि ६ तारखेच्या पहाटे ती गेली. एकवीस वर्षांची. स्वतः पसंत केलेल्या मुलाशी लग्न करून दीड वर्ष झालेलं. देशातली सगळ्यांत जपलेली मुलगी, हाताशी सगळे डॉक्टर, तरी. म्हणून कादंबरीच्या शेवटी जो एपिलॉग असतो, दोन वर्षांनंतर, बाळ रांगतंय, त्यात बाळंतपणाच्या भीतीचा एक शब्दही नसेल तर मला खटकतं. एका लेखिकेने एपिलॉगमध्ये नायकाला दाराबाहेर जमिनीवर बसवलंय, तो आत जाऊ शकत नाही, आणि त्याच्या शेजारी सासूबाई येऊन बसतात, दोघांचं आयुष्यात पटलेलं नाही, आणि त्या त्याच्या हातात विणायची लोकर धरायला देतात. ते सुख मला खरं वाटतं.

जुन्या पुस्तकांचं विचाराल तर सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या पुष्कळ हिस्टॉरिकल रोमान्समध्ये ती नाही म्हणते आणि तो ऐकत नाही आणि त्यालाच प्रेम म्हटलंय. तेव्हा असंच चालायचं म्हणून मी ते सोडत नाही. सरळ लिहिते की इथे जबरदस्ती आहे. अठरा वर्षांची मुलगी माझं वाचून पुस्तक उचलणार असेल तर तिला आधी कळायला हवं.

आणि आत्ता जे लिहायला घेतलंय ते सांगून थांबते. त्या काळी पत्राचे पैसे बहुतेक वेळा पत्र ज्याला येईल तो भरायचा, १८४० मध्ये पेनी पोस्ट, म्हणजे पाठवणाऱ्याने आधीच एक पेनी भरायची पद्धत, येईपर्यंत. अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर दर, बाथहून लंडनला एका कागदाचे आठ-नऊ पेन्स, म्हणून लोक एकाच कागदावर आडवं लिहून झालं की तोच फिरवून वर उभं लिहायचे. बिनलग्नाच्या मुलीला परक्या पुरुषाचं पत्र येणं म्हणजे तर लग्न ठरल्यासारखंच. किती कादंबऱ्यांमध्ये चोरून पत्रं येतात, पण दारात पोस्टमनला पैसे कोणी दिले हे एकीलाही सुचलेलं मी पाहिलं नव्हतं. या पुस्तकात सुचलंय. स्वयंपाकघरातली पोरगी, मेरी, आपल्या पगारातून नऊ पेन्स देते आणि पत्र ॲप्रनमध्ये लपवून वर नेते, असं पाच वेळा. शेवटच्या प्रकरणात लग्न आहेच. त्याच्या आदल्या रात्री नायिका खाली स्वयंपाकघरात येते, टेबलावर पंचेचाळीस पेन्स मोजून ठेवते, आणि मेरी एकेक नाणं उचलून बघते आणि म्हणते, चौथं पत्र दोन कागदांचं होतं, मिस.