नवीन फ्लॅटमधले नळ नंतर बघा, आधी भिंतीत काय आहे ते बघा

पझेशनच्या आधी फ्लॅट बघायला गेलं की सगळे पहिले बाथरूममध्ये शिरतात आणि नळावर कुठल्या कंपनीचं नाव आहे ते वाचतात. नाव ओळखीचं निघालं की झालं, बिल्डर चांगला! अहो पण त्याच कंपनीचा नळ काहीशे रुपयांनाही मिळतो आणि काही हजारांनाही मिळतो, आणि बिल्डर जेव्हा शेकड्याने माल उचलतो तेव्हा तो कुठली सिरीज उचलतो हे वेगळं सांगायला नकोच.

आमच्या पुण्याजवळच्या वाकड, पुनावळे, रावेत पट्ट्यात नात्यातलं कोणी ना कोणी सतत घर घेत असतं, आणि मी बांधकामाच्या लाइनमधला असल्यामुळे "दादा जरा येऊन बघून जा ना" असे फोन ठरलेले. मी गेलो की डोक्यात एकच हिशेब चालू असतो, ही वस्तू खराब निघाली तर बदलायला काय काय फोडावं लागेल? बेसिनचा नळ, हेल्थ फॉसेट (कमोडशेजारचा हातातला फवारा), शॉवरची वाटी, दाराची कडी, स्विचच्या प्लेटा, हे सगळं प्लंबर किंवा इलेक्ट्रिशियन एका दुपारी बदलून देतो, त्यावर साइट इंजिनियरशी तासभर भांडू नका. हेल्थ फॉसेट तर बिल्डरने दिलेलं जवळपास कायम हलकंच असतं, नवीन घ्या आणि वापर झाला की त्याचा अँगल कॉक, म्हणजे भिंतीजवळची छोटी तोटी, बंद करायची सवय लावा, विषय संपला.

खरा जीव लावायचा तो डायव्हर्टरला. शॉवरचा तो भिंतीतला डायव्हर्टर, म्हणजे पाणी नळाकडे की शॉवरकडे ते ठरवणारा व्हॉल्व्ह, बाहेर फक्त एक चकचकीत प्लेट आणि हँडल दिसतं, पण बॉडी टाइलच्या मागे असते. तो गळायला लागला तर आधी तुम्हाला कळतच नाही, खालच्या मजल्यावरच्या काकू त्यांच्या छताला ओल आली म्हणून वर येतात तेव्हा कळतं. म्हणून आत कुठल्या कंपनीचं काय बसवलंय, त्याचं मॉडेल काय आणि त्याचं कार्ट्रिज (आतला पाणी चालू-बंद करणारा भाग) बाजारात सुटं मिळतं का, एवढं विचारून घ्याच. भिंतीतल्या फ्लश टँकचंही तेच, प्लेट काढून हात आत जातो का बघा, कारण सील कधी ना कधी बदलावं लागणारच आणि टँकरच्या, बोअरच्या जड पाण्यात ते लवकरच बदलावं लागतं.

नळाची पारख करायचीच असेल तर लोक लोहचुंबक घेऊन येतात. पितळेला चुंबक चिकटत नाही हे खरं, पण स्वस्तातल्या झिंकच्या मिश्रधातूलाही चिकटत नाही, मग कळलं काय? सिंकचीही तीच गंमत, ३०४ ग्रेडच्या स्टीलला चुंबक सहसा चिकटत नाही आणि हलक्या २०२ लाही चिकटत नाही. त्यापेक्षा नळ हातात धरून वजन बघा, पितळेची बॉडी जड लागते, आणि सिंकवर ग्रेड कोरलाय का बघा, नसेल तर बिल मागा.

लाइट असेल तेव्हाच फ्लॅट बघायला जा, हे माझं जवळपास भांडणाचं वाक्य आहे. टेंपररी कनेक्शनवर का होईना पण सप्लाय पाहिजे, नाहीतर डीबीमधल्या (घरातल्या मुख्य स्विचच्या पेटीतल्या) आरसीसीबीचं, म्हणजे करंट गळला की सप्लाय तोडणाऱ्या स्विचचं, टेस्टचं बटण दाबून काय उपयोग? सप्लाय चालू असताना ते दाबलं की आरसीसीबी ट्रिप झालीच पाहिजे, आणि तिच्यावर ३० एमए (मिलीअँपिअर) लिहिलेलं पाहिजे. पण ते बटण फक्त आरसीसीबी तपासतं, अर्थिंग नाही, त्यासाठी सॉकेट टेस्टर घेऊन प्रत्येक सॉकेटमध्ये घालून बघा, फार महाग नसतो. मग इलेक्ट्रिशियनला एक-दोन बोर्ड उघडायला लावा, वायरच्या आवरणावर कंपनी, आयएसआय मार्क आणि जाडी छापलेली असते. दिव्या-पंख्याला १.५ स्क्वेअर एमएम चालते, १६ अँपिअरच्या सॉकेटला २.५ लागते आणि एसीच्या पॉइंटला मी तरी ४ च मागतो. स्विच कितीही देखणे असू देत, आत बारीक वायर असेल तर ती बदलताना कंड्युटमधून, म्हणजे भिंतीतल्या पाइपमधून, ओढून काढायची, आणि ती अडकली तर भिंत फोडायची.

बाथरूममध्ये आणि ड्राय बाल्कनीत बादलीभर पाणी ओता आणि पाच मिनिटं गप्प उभे राहा. पाणी नहाणी ट्रॅपकडे (पाणी जायच्या जाळीकडे) गेलं पाहिजे, दाराकडे नाही. उतार चुकला असेल तर टाइल उखडल्याशिवाय दुरुस्त होत नाही. टाइलवर नाणं वाजवत फिरा, कोपऱ्यातली एखादी पोकळ वाजली तर ठीक आहे, ओळच्या ओळ वाजली तर लिहून द्या. बाथरूमच्या दाराच्या खालच्या कडेला बोट फिरवा, तिथे रंग किंवा सीलिंग नसेल तर एक-दोन पावसाळ्यांत दार फुगतं.

टॉवर उंच असेल तर प्रेशरचा प्रश्न विचारा. १० मीटर पाण्याचा उभा स्तंभ म्हणजे साधारण १ बार (दाबाचं माप), म्हणजे गच्चीवरच्या टाकीपासून वीसेक मजले खाली दाब ६ बारच्या आसपास जातो, म्हणून मध्ये पीआरव्ही, म्हणजे दाब कमी करणारे व्हॉल्व्ह, लागतात. ते आहेत का, आणि बिल्डर गिझर देत असेल तर तो ८ बारचा आहे का ते त्याच्या लेबलवर वाचा. सेफ्टी व्हॉल्व्ह बसवलाय ना तेही बघा, पैसे वाचवायला तो न बसवणारे लोक मी पाहिलेत.

आता कागद. महारेराच्या (बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) नमुना करारात फिटिंग आणि सोयींची यादी जोडायची असते, ब्रँड किंवा त्याच्या तोडीचं, आणि ब्रँड नसेल तर किमतीचा अंदाज. तिथे मॉडेल लिहून घ्यायला बिल्डर कुरकुरतो, पण बुकिंगच्या वेळी तो जरा मऊ असतो तेव्हाच मागा. रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे पझेशनपासून ५ वर्षांत कामातला किंवा दर्जातला दोष दाखवून दिला तर प्रमोटरने, म्हणजे बिल्डरने, ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. फक्त बऱ्याच करारांत असं वाक्य असतं की तुम्ही बाथरूममध्ये तोडफोड केली की ही जबाबदारी संपली, त्यामुळे हौसेने लगेच टाइल बदलायला जाऊ नका, आधी तक्रार मेलवर टाका, फोटो जोडून. साइटवरच्या माणसाने "करून देतो सर" म्हटलं त्याला काही अर्थ नाही, उद्या तो दुसऱ्या साइटवर असतो.

आणि चिमणी, हॉब, गिझर, एसी जे काही मिळत असेल त्याचं बिल तुमच्या हातात घ्या, सिरीयल नंबर जुळवून. माल एकगठ्ठा घेऊन ठेवलेला असतो आणि प्रोजेक्ट लांबतो, वॉरंटी बिलाच्या तारखेपासून धरली तर किल्ली मिळेपर्यंत ती अर्धी संपलेली असू शकते. तसं असेल तर कंपनीकडून इन्स्टॉलेशनच्या तारखेपासून वॉरंटी धरल्याचं पत्र बिल्डरला आणायला सांगा, शेवटचा हप्ता द्यायच्या आधी.