बारस्टो ते किंगमन: तापलेल्या इंजिनाच्या दुखण्याचा शोध

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी आणि माझा मोठा भाऊ १९६९ सालच्या शेव्हेल एसएस ३९६ गाडीने कॅलिफोर्नियातील बारस्टोहून ॲरिझोनातील किंगमनला गेलो. धावताना या गाडीची काहीच तक्रार नसे. मात्र गरम इंजिन बंद करून पंधरा-वीस मिनिटांनी किल्ली फिरवली की ती सुरू होत नसे आणि तासाभराने निवल्यावर पहिल्याच सेल्फला सुरू होई. गॅरेज गाठेपर्यंत पुरावा नाहीसा होत असल्यामुळे दोष वाटेवरच, तो घडत असताना तपासायचा, असे ठरवून आम्ही मल्टिमीटर, टॉर्च, पाने आणि अग्निशामक बरोबर घेतले होते.

नीडल्सला जेवून परतलो तेव्हा पारा ४२ अंशांवर होता. सेल्फ जोमाने फिरत होता, पण इंजिन पकडत नव्हते. अशा वेळी ॲक्सिलरेटर दाबून पुन्हा पुन्हा सेल्फ मारण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा, कारण त्याने खरे कारण झाकले जाते. मी एअर क्लीनरचे झाकण काढून टॉर्चच्या उजेडात कार्ब्युरेटरच्या आत पाहिले. इंजिन थांबलेले असूनही तिथे पेट्रोलचे थेंब ठिबकत होते. गाडी चालू असताना टाकीतून येणारे ताजे पेट्रोल कार्ब्युरेटरला थंड ठेवते. इंजिन बंद होताच मॅनिफोल्डची (इंजिनाला जोडलेल्या वायुनलिकांची) उष्णता वर चढते, फ्लोट बाउलमधले, म्हणजे कार्ब्युरेटरच्या छोट्या साठवण-कप्प्यातले पेट्रोल उकळते आणि उतू जाऊन इंजिनात हवा जाण्याच्या वाटेत सांडते. अमेरिकेतील बहुतेक पेट्रोलमध्ये सुमारे १० टक्के इथेनॉल असते, त्यामुळे हा त्रास वाढतो. झाकण परत बसवून, भरपूर हवा आत जाऊन जादा पेट्रोल निघून जावे म्हणून ॲक्सिलरेटर एकदाच तळापर्यंत दाबून तसाच धरला आणि सेल्फ मारला. काळा धूर सोडत इंजिन सुरू झाले.

थ्रॉटल (ॲक्सिलरेटरने उघडणारी कार्ब्युरेटरमधली झडप) हाताने हलवूनही पेट्रोलची चिळकांडी उडाली नसती, तर बाउल कोरडा आहे, म्हणजे बहुधा व्हेपर लॉक झाला आहे (उष्णतेने नळीतच पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडला आहे), असे मी मानले असते. खंडाळ्याच्या घाटात पद्मिनी मोटारीच्या इंजिनाजवळच्या पेट्रोल पंपावर ओले फडके टाकणाऱ्यांना हा विकार चांगला ठाऊक आहे. ते फडके तिथे खरोखर गुणकारी ठरते, पण उतू गेलेल्या पेट्रोलवर त्याचा काहीच उपयोग नाही. पेट्रोल ठीक असेल तरच स्पार्क तपासावा, आणि तोही उघड्या कार्ब्युरेटरपासून दूर.

ओटमनला रस्त्यावर मोकळी फिरणारी गाढवे पाहण्यात पाऊण तास गेला आणि परतल्यावर वेगळेच दुखणे समोर आले: सेल्फ कण्हत अर्धा फेरा फिरून थांबला. हा पेट्रोलचा नव्हे, विजेचा दोष होता. या इंजिनाचा स्टार्टर एक्झॉस्टच्या शेजारीच असतो आणि तांब्याचे तापमान १०० अंशांनी वाढले की त्याचा विद्युतरोध सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो. त्यामुळे थंडपणी चालून जाणारी किरकोळ सैल जोडणीही गरमपणी अडवते. भावाने किल्ली फिरवली तेव्हा बॅटरीचा ऋण खांब आणि इंजिन ब्लॉक यांच्यामध्ये ०.९ व्होल्ट आढळले; ते ०.२ च्या आसपास असायला हवेत. अर्थिंगच्या केबलचे ब्लॉककडचे टोक गंजले होते. बॅटरीची जोडणी काढून ते पॉलिश पेपरने घासले, आवळले आणि सेल्फ पूर्ववत फिरू लागला. नवी बॅटरी किंवा नवा स्टार्टर घेण्यापूर्वी प्रत्येकाने हे मोजमाप करावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

सिटग्रीव्ह्ज खिंडीची वळणे अरुंद आणि कठड्याविना असल्याने तेथे थांबून काही तपासणे शक्य नव्हते. किंगमनला रात्री इंजिन निवल्यावर उजव्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डखालची हीट रायझर झडप (थंड इंजिन लवकर तापावे म्हणून गरम वायू कार्ब्युरेटरखाली वळवणारी) बंद स्थितीत अडकलेली सापडली. म्हणजे गरम वायू सतत कार्ब्युरेटरखालच्या मार्गाने जात होता. गंज सोडवणारे तेल सोडून, हलक्या हाताने ठोकून ती मोकळी केली आणि उघडी राहावी म्हणून तारेने बांधली. दुसऱ्या दिवशी दुपारी वीस मिनिटांच्या थांब्यानंतर गाडी लगेच सुरू झाली. घरी परतल्यावर कार्ब्युरेटरखाली उष्णतारोधक स्पेसर (जाड चकती) बसवणार आहे. त्याने कार्ब्युरेटर थोडा वर उचलला जातो. म्हणून तो घेणाऱ्यांनी आधी एअर क्लीनर आणि बॉनेट यांमधील अंतर मोजून घ्यावे.